हृदयाचे आरोग्य आणि आहारातील वनस्पतीजन्य घटक

उच्च रक्तदाब आणि रक्तातील वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल हे हृदयविकाराचे दोन प्रमुख कारक घटक होत. हे दोन्ही वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता रक्तवाहिन्यांची हानी करीत राहतात. भाज्या, फळे, डाळी व अखंड धान्ये यांतील काही नैसर्गिक घटक ही हानी मंदावण्यास साहाय्य करतात. मात्र त्यांचा लाभ कसा व किती होतो, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे आवश्यक आहे.

हे घटक कसे कार्य करतात?

विद्राव्य तंतू : ओट, जव (बार्ली), राजमा, मसूर, भेंडी, सफरचंद व पेरू यांत आढळतात. हे तंतू आतड्यात पाण्याबरोबर बुळबुळीत होऊन पित्तातील आम्ले बांधून ठेवतात व शौचावाटे बाहेर नेतात. नवीन पित्त तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. त्यामुळे त्याची पातळी उतरते. ओट व जवातील बीटा-ग्लुकन हा तंतू दररोज ३ ग्रॅम घेतल्यास एलडीएल सुमारे ५ टक्क्यांनी कमी होऊ शकते. त्यासाठी साधारण ७० ते ८० ग्रॅम कोरडे ओट लागतात.

वनस्पती स्टेरॉल : शेंगदाणे, बदाम, तीळ व तेलबियांत असतात. त्यांची रचना कोलेस्टेरॉलसारखी असल्याने आतड्यात कोलेस्टेरॉलचे शोषण कमी होते.

नायट्रेट : पालक, बीट व मुळा यांतील नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात व रक्तदाब किंचित उतरतो. भाजी उकळलेल्या पाण्यात नायट्रेट उतरते. ते पाणी फेकून न देता आमटीत वापरावे.

आहार हा औषधाला पर्याय नाही

एलडीएल कमी करण्यासाठी दिली जाणारी स्टॅटिन वर्गातील औषधे नेहमीच्या मात्रेत ते ३० ते ५० टक्क्यांनी उतरवतात. वरील ५ टक्क्यांशी याची तुलना केल्यास दोहोंतील अंतर स्पष्ट होते. आहार औषधाला बळ देतो. त्याची जागा घेत नाही. बरे वाटते म्हणून वा एखादा रस सुरू केला म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

कडू दुधीचा रस : गंभीर धोका

हृदयासाठी हितकर समजून अनेक घरांत सकाळी दुधी भोपळ्याचा कच्चा रस घेतला जातो. काही दुधींत कुकुरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये अधिक प्रमाणात असतात. असा रस प्यायल्याने आपल्या देशात मृत्यूही झाले आहेत. या घटनांचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने केला आहे. औषध कडूच असते, या समजुतीने असा रस संपवणे प्राणघातक ठरू शकते.

• रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा. कडू लागल्यास तो थुंकून संपूर्ण दुधी टाकून द्यावा. शिजवल्याने हे विष जात नाही.
• दुधीचा रस इतर रसांत मिसळू नये. मिसळल्यास कडूपणा लक्षात येत नाही.
• रस घेतल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, पोटदुखी किंवा रक्ताची उलटी झाल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे व काय प्यायले ते डॉक्टरांना सांगावे.

दररोज काय करावे?

• बटाटा व इतर कंदमुळे वगळून किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत.
• फळांचा रस गाळण्याऐवजी फळ अखंड खावे. गाळताना तंतू निघून जातात.
• दिवसभरातील मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, कमी ठेवावे. लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठही त्यात धरावे.
• खारवलेले नव्हे, तर साधे शेंगदाणे वा बदाम मूठभर घ्यावेत.

यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा

वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू वा घटवू नये; त्यांतील के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम बदलते. मूत्रपिंडाचे रुग्ण असल्यास पोटॅशियमयुक्त फळे व भाज्या किती घ्याव्यात, हे विचारून घ्यावे.

छातीत दडपण, दरदरून घाम, धाप किंवा डाव्या हातात वा जबड्यात वेदना जाणवल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. तत्काळ १०८ किंवा ११२ क्रमांकावर संपर्क साधावा.