बालकर्करोग : हेतुविचार आणि मातेची प्रश्नपरीक्षा

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षांपैकी प्रश्नपरीक्षेचा खरा कस बालरुग्णाच्या बाबतीत लागतो. गर्भावस्थेतील हेतू बालक सांगू शकत नाही. त्याची साक्षीदार माताच असते. या परीक्षेचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही दाखविणारे उदाहरण म्हणजे ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांचे सर्वेक्षण होय.

इंग्लंड व वेल्समध्ये १९५३ ते १९५५ या काळात कर्करोगाने दगावलेल्या दहा वर्षांखालील बालकांच्या मातांना स्थानिक आरोग्य खात्याच्या डॉक्टरांमार्फत त्यांनी प्रश्न विचारले. त्याच भागातील, समान वयाच्या निरोगी बालकांच्या मातांनाही तेच प्रश्न विचारले गेले. रक्ताच्या कर्करोगाने निवर्तलेल्या लेडी मेहेरबाई टाटा यांच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये स्थापन झालेल्या निधीचे अर्थसाहाय्य या कार्यास लाभले, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब आहे. गरोदरपणी पोटाचा क्ष-किरण फोटो काढलेल्या मातांचे प्रमाण रुग्णगटात जवळजवळ दुप्पट असल्याचे १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले.

यावर आक्षेप आला. दुःखित माता कारण शोधत असल्याने तिला अधिक आठवते, मग ही साक्ष ग्राह्य कशी मानावी? १९६२ मध्ये अमेरिकेत मॅकमहॉन यांनी स्मृतीऐवजी प्रसूतिगृहांच्या नोंदी तपासल्या. फरक कमी, पण त्याच दिशेने आढळला.

सदरसारख्या परिसरात चिकित्सा करणाऱ्या आम्हा वैद्यांनी यातून पुढील बोध घ्यावा :

१. प्रश्नांचा क्रम व शब्द ठरलेले असावेत. ‘हे घेतले होते ना?’ असे सुचविणारे प्रश्न टाळावेत.
२. मातेचे उत्तर तिच्याच शब्दांत, दिनांकासह लिहावे. गरोदरपणाचे कार्ड व जुने कागद पाहावेत. औषधी दुकानदारांनी जपलेली बिले येथे मोलाची ठरतात.
३. काढे, भस्मे व रसौषधी यांचीही चौकशी तितक्याच कसोशीने करावी. आपली औषधे प्रश्नावलीतून वगळणे शास्त्रास धरून नाही.
४. एका मातेच्या सांगण्यावरून हेतू निश्चित करू नये. तुलनेचा गट नसेल तर ती केवळ नोंद असते, निष्कर्ष नव्हे.

चरकांनी शारीरस्थानात गर्भोपघातकर भाव सांगितले ते गर्भिणीच्या रक्षणासाठी, मागाहून तिला दोषी ठरविण्यासाठी नव्हे. बहुतांश बालकर्करोगांत निश्चित कारण सापडत नाही, हे मातेस प्रश्न विचारण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे. तसेच या चौकशीसाठी बालकास कर्करोग रुग्णालयात पाठविण्यास एक दिवसही विलंब होऊ देऊ नये. हेतुविचार महत्त्वाचा खरा, परंतु रुग्णरक्षण त्याहून आधी येते.