रथ, राजदूत आणि कार्यकारणभाव

‘मिलिंद प्रश्न’ या ग्रंथातील रथाचा दृष्टान्त आपल्यापैकी बहुतेकांनी धम्मवर्गात ऐकलेला आहे. ग्रीक राजा मिलिंद भन्ते नागसेनांकडे रथात बसून येतो. चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय, असे भन्ते एकेक करून विचारतात आणि राजाला प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणावे लागते. सर्व भाग योग्य रीतीने एकत्र आले म्हणजे व्यवहारात त्याला रथ म्हणायचे, एवढेच शेवटी उरते. बाबासाहेबांनी औरंगाबादेत 1950 साली काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

दृष्टान्त आम्हाला पाठ होता. तो खऱ्या अर्थाने समजला तो मात्र आपल्या मंगरूळपिरात, एका बंद पडलेल्या राजदूत मोटारसायकलमुळे.

ही गाडी आमच्या एका स्नेह्यांच्या वडिलांची. गुरुजींनी ती 1986 साली घेतली, तेव्हा आपला तालुका अकोला जिल्ह्यात होता. वर्षावासात ते याच गाडीवरून खेडोपाडी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनाला जात. 2012 च्या पावसाळ्यात असेच वाचन करून भिजून आले आणि त्याच आठवड्यात हृदयविकाराने गेले. पुढे कोणीतरी म्हणाले, गाडी घराला लाभत नाही. झाले! बारा वर्षे तिला कोणी हात लावला नाही. भंगारवाल्याने किलोच्या भावाने मागितली तेव्हा माय नुसती आत निघून गेली. हो नाही, नाही नाही.

येथे स्पष्ट बोलले पाहिजे. घरात बाबासाहेबांची तसबीर, आणि वाहनाला लिंबू-मिरची, असे चित्र आपल्या वस्त्यांतही दिसते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अधम्म म्हणजे काय हे सांगताना बाबासाहेबांनी दैवी चमत्कारावरील विश्वास प्रथम घेतला आहे. घटनेला कारण असते. ते माणसाच्या कृतीत असेल किंवा निसर्गनियमात असेल. गुरुजींच्या मृत्यूचे कारण त्यांच्या हृदयात होते. गाडीच्या बंद पडण्याचे कारण गाडीतच शोधायचे, असे आम्ही दोघांनी ठरविले. स्नेही आय.टी.आय. झालेले, मोटारपंप दुरुस्त करणारे. आमच्याकडे रविवार आणि पाने-पेचकस धरायला दोन हात.

राजदूत ही पोलंडच्या नमुन्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने बनविलेली, 173 सी.सी.ची, दोन स्ट्रोकची गाडी. असे इंजिन चालायला मुख्यतः चार गोष्टी लागतात: दाब, ठिणगी, पेट्रोल-हवेचे मिश्रण आणि जळालेला धूर बाहेर जायला वाट. आम्ही किकवर पाय ठेवला तोच स्नेही म्हणाले, “भाऊ, किक मारू नका. अगोदर इंजन मोकयं आहे का थे पाहू.” ते खरेच जाम होते. जबरदस्ती केली असती तर किकचे दाते तुटले असते. प्लग काढून त्या छिद्रातून डिझेल आणि ऑइल ओतले, आठवडाभर मुरू दिले. पुढच्या रविवारी गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हळूहळू पुढे-मागे केले, तेव्हा पिस्टन सुटला.

मग ठिणगी. प्लग साफ करून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला, किक मारली, अंधार. पॉइंटवर गंज धरला होता. तो बारीक पॉलिश पेपरने घासला, फटीचे माप घेतले, तेव्हा निळी ठिणगी पडली. आम्हाला वाटले, काम फत्ते. परंतु टाकीत गंज आणि कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर होता. टाकीत थोडे रॉकेल आणि मूठभर नट टाकून ती खळखळून धुतली. जेटमध्ये तार घातली नाही, कारण छिद्र मोठे झाले तर मिश्रण बिघडते. सायकलच्या पंपाने हवा मारली. रबरी नळ्या नव्या घातल्या. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. या गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते, तेही घातले.

आता दाब आहे, ठिणगी आहे, पेट्रोल आहे. इंजिन दोनदा फुरफुरले आणि बंद. शेजारचे एक गृहस्थ हसून म्हणाले, “म्हनलं होतं ना!” माय दारात उभी होती.

आमच्या मते खरा पाठ या ठिकाणी आहे. तीन कारणे दूर झाली आणि फळ दिसले नाही, की माणूस कारण शोधणे सोडतो आणि नशिबाकडे वळतो. प्रतीत्यसमुत्पाद सांगतो की घटना अनेक प्रत्ययांवर उभी असते. एक राहिला तरी ती उभी राहत नाही. स्नेह्यांनी सायलेन्सर खोलला. आत काजळीचा थर आणि तोंडाशी कुंभारमाशीचे मातीचे पक्के घर. धुराला वाटच नव्हती. तार घालून माती फोडली, काजळी खरवडली. चौथ्या किकला गाडी सुरू झाली. अंगण निळ्या धुराने भरले. मायने पदर नाकाला लावला, पण हलली नाही. थोड्या वेळाने शेजारच्या गृहस्थांना म्हणाली, “मातीचं घर व्हतं आत.”

नोंदणीची मुदत केव्हाच संपली होती. म्हणून वाशिमच्या परिवहन कार्यालयात तपासणी, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र होईपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढली नाही. त्यानंतरच्या वर्षावासात स्नेही तिच्यावर ग्रंथ घेऊन शेलूबाजारच्या बाजूला जाऊ लागले. गाडीचा दिवा सहा व्होल्टचा, मिणमिणता. त्यामुळे वाचन दुपारी चारला ठेवतात आणि अंधारापूर्वी परततात.