भूकंप आणि दगडमातीचे घर

महाराष्ट्रातील दोन मोठे भूकंप पहाटेच्या वेळी झाले. ११ डिसेंबर १९६७ रोजी चार वाजून गेल्यावर कोयनानगर हादरले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले असता, चार वाजण्याच्या सुमारास लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला. दोहोंची तीव्रता जवळजवळ सारखीच, ६.३ व ६.२ च्या घरात होती. तथापि कोयनेस सुमारे १८० माणसे दगावली, तर किल्लारी भागात जवळजवळ ८,०००. वस्तीची दाटी हे या तफावतीचे एक कारण होय. दुसरे कारण घरांच्या बांधणीत आहे, आणि माणसाच्या हातचे आहे ते हेच.

भूकवचाचा भारतीय भाग उत्तरेकडे सरकत असून हिमालयापाशी अडतो. त्या रेट्याने पोटातील खडकांवर ताण साचत जातो. जेथे खडक पूर्वीच भंगलेला असतो, त्या प्रस्तरभंगावर हा ताण असह्य झाला की दोन्ही बाजूंचे खडक एकाएकी घसरतात व त्याचे हादरे चोहीकडे पसरतात. कोयनेच्या जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि त्यानंतर त्या भागात लहान धक्के जाणवू लागले. भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब खडकांच्या घसरणीस साहाय्य करतो, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. तेथील धक्के अद्यापि थांबलेले नाहीत.

मग प्रस्तरभंग कोठे आहे हे पाहून त्यापासून दूर राहावे, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे ते तितके सोपे नाही. दक्षिणेच्या पठारावर काळ्या खडकाचे जाड थर पसरले असून खालचे भंग त्यांखाली झाकले गेले आहेत. १९९३ पूर्वीच्या नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविलेला होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या विभागात आला. नकाशा उपयोगी आहे खरा, परंतु केवळ त्याच्या भरवशावर भिंत कच्ची ठेवू नये.

किल्लारी भागातील जुन्या घराची भिंत दिसण्यास भक्कम असे. ती दोन हात जाड असली तरी एकजीव नसे. आतील व बाहेरील अशा दगडांच्या दोन रांगा, मध्ये चिपा व मातीची भर, आणि सांध्यांत चिखल, अशी तिची रचना होती. हादरा बसला की दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटतात, भिंतीला पोट येते व ती ढासळते. वर माळवद. गळती थांबावी म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी पांढरी माती टाकली जाई, जुनी मात्र काढली जात नसे. दहा चौरस मीटरच्या खोलीवर ४५ सेंटिमीटर माती असेल, तर तिचे वजन सत्तर क्विंटलांवर जाते. म्हणजे ज्वारीची सत्तर पोती उशाशी नव्हे, डोक्यावर रचून झोपण्यासारखे झाले. याउलट कुडाच्या भिंती व गवताचे छप्पर असलेल्या झोपड्यांतील माणसे पुष्कळशी वाचली.

तेव्हा पहिले काम माळवद हलके करण्याचे. मातीचा थर सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत खाली आणावा व गळतीसाठी मातीखाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरावा. माती एका बाजूने सारी न काढता सर्वत्र सारखी उतरवीत जावे. हे काम घरच्या माणसांना करता येते आणि खर्चही बेताचा येतो.

दुसरे काम भिंतीच्या दोन रांगा एकत्र बांधण्याचे. नवी भिंत ४५ सेंटिमीटरपेक्षा जाड करू नये. उंचीच्या दर ६० सेंटिमीटरांवर, आडवे १.२ मीटरहून अधिक अंतर न ठेवता, भिंतीच्या पूर्ण जाडीचे आरपार दगड बसवावेत. कोपऱ्यांत लांब दगड दोन्ही भिंतींत आळीपाळीने गुंतवावेत. असे दगड न मिळाल्यास टोके वाकवलेली सळई घालून काँक्रीटचे ठोकळे ओतावेत. जुन्या भिंतीतही हे साधते: काही दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडावे, वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरावे व आठ-दहा दिवस पाणी मारावे. एकाच वेळी अनेक भोके पाडू नयेत. घण मारून दगड काढणाऱ्या गवंड्यास हे काम न दिलेले बरे.

याखेरीज दरवाजे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींवर, कोठेही खंड न पडता, सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा फिरवावा. पेटीला जशी लोखंडी पट्टी, तसा हा पट्टा चारही भिंतींना एकत्र धरून ठेवतो. दार-खिडकी कोपऱ्यालगत काढू नये. गोठ्याच्या भिंतींनाही हेच लागू आहे.

किल्लारी परिसरास १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांतही लहान धक्के जाणवले होते. अशा धक्क्यांमागून मोठा येईलच असे सांगता येत नाही आणि येणार नाही असेही नाही. अमुक दिवशी भूकंप होणार अशी वार्ता कोणी आणल्यास ती खोटी समजावी. गावपातळीवरील कार्यकर्त्याने धक्क्यांची वेळ लिहून तहसील कार्यालयास कळवावी आणि घरोघर जाऊन फुगलेल्या, कोपऱ्यांत उकललेल्या भिंती पाहाव्यात. अशा भिंतीलगत म्हातारी माणसे व मुले यांची अंथरुणे घालू देऊ नयेत. उशाच्या फळीवर पाटे, घागरी, धान्याची पोती ठेवू नयेत. गुरांच्या दाव्याला एका ओढीने सुटणारी गाठ असावी. धक्का बसता दार हाताशी असेल तर उघड्यावर यावे. नसेल तर भक्कम बाज वा टेबलाखाली शिरावे. बाहेर पडल्यावर अरुंद बोळात भिंतींमध्ये थांबू नये, आणि पडझड झालेल्या घरात सामानासाठी परत जाऊ नये, कारण मागाहूनचे धक्के बराच काळ येत राहतात.

घरदुरुस्ती उन्हाळ्यात काढण्याचा प्रघात आहे. तथापि काँक्रीटला पाणी लागते आणि मराठवाड्यात चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात. म्हणून आरपार ठोकळ्यांचे व पट्ट्याचे काम रब्बीची पेरणी उरकल्यावर, दिवाळीनंतर हाती घ्यावे. माळवदाची माती उतरविण्यास पाणी लागत नाही. ते काम उन्हाळ्यात करावे.