दारावरची बेल आणि ओट्यावरचा पडदा

नेटवर्किंगच्या पेपरसाठी आपण सगळेच प्रोटोकॉलचे सात थर घोकतो, व्हायवाला ओकतो आणि सबमिशन झालं की विसरतो. मला ते थर खऱ्या अर्थाने भेटले दिवाळीच्या सुट्टीत, मिरजेला आजीच्या दारात, स्टुलावर उभा असताना.

आजी एकटीच राहते. पहिला मजला, गुडघे दुखरे. गेल्या पावसाळ्यात बेल वाजली म्हणून ती घाईने उठली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला अडखळली आणि मनगट मोडून घेतलं. दारात होता वॉटर प्युरिफायर विकणारा. प्लॅस्टर निघेपर्यंत घरात एकच चर्चा चालू होती. शेवटी ठरलं की दाराला व्हिडिओ डोअरबेल लावायची आणि ओट्याजवळ एक स्मार्ट डिस्प्ले ठेवायचा. कोण आलंय ते बसल्या जागी दिसावं, बोलता यावं आणि गरज असेल तरच उठावं. ‘तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग लाव की,’ असं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. तेच इथे क्रमाने सांगतो. तुमच्याही घरी कधीतरी हे काम तुमच्याकडेच येणार आहे!

आधी तारा बघा

आपल्याकडे बेलचं बटण थेट २३० व्होल्टच्या फेजमध्ये असतं. फेज बटणातून जाते आणि आत बेलला मिळते. बटणाच्या डबीत बहुधा न्यूट्रल नसतोच. अमेरिकेत तसं नाही. तिथे एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि तारांत साधारण १६ ते २४ व्होल्ट एसी असतो. म्हणून परदेशातल्या नातेवाइकांनी प्रेमाने आणलेली वायरवाली बेल आपल्या जुन्या तारांना जोडली, तर ती पहिल्याच दिवशी जळेल आणि हाताला झटका बसेल तो वेगळाच.

मी बॅटरीवर चालणारी बेल निवडली. दोन स्क्रू आणि एक पट्टी, बास. जुनं बटण तसंच ठेवलं. ज्यांना वायरवालीच हवी असेल त्यांनी डब्यावरचं व्होल्टेज वाचावं, मेन स्विच बंद करावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावं. त्यात कमीपणा नाही.

जोडणी

घरी जाण्याआधी होस्टेलवर रूम पार्टनरच्या साक्षीने ट्रायल घेतली आणि सपशेल आपटलो. होस्टेलच्या वाय-फायला आधी लॉगिनचं पान उघडतं. बेलकडे ना ब्राउझर ना कीबोर्ड, ती पासवर्ड टाकणार कुठे? मग मोबाइलचा हॉटस्पॉट दिला, तरी जमेना. अशा बऱ्याच बेल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि माझा हॉटस्पॉट ५ वर होता. तो बदलला आणि बेल बोलू लागली. या दोन चुका इथेच झाल्या म्हणून मिरजेत अब्रू वाचली.

घरी क्रम असा ठेवला :

१) बेलच्या कंपनीचं अ‍ॅप घेऊन खातं उघडलं. अ‍ॅपने एक क्यूआर कोड दाखवला, तो बेलच्या कॅमेऱ्यासमोर धरला. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड त्या कोडमधूनच बेलला कळतात.

२) डिस्प्ले त्याच्या स्वतःच्या अ‍ॅपने त्याच वाय-फायवर घेतला. इको शो असेल तर अलेक्सा अ‍ॅप, नेस्ट हब असेल तर गूगल होम.

३) आता दोघांची सोयरीक. अलेक्सा अ‍ॅपमध्ये बेलच्या कंपनीचं ‘स्किल’ चालू करून बेलच्या खात्याने लॉगिन करायचं. गूगल होममध्ये कंपन्यांच्या यादीतून खातं जोडायचं. मग ‘नवीन उपकरणं शोधा’ म्हटलं की बेल यादीत येते.

४) बेलला सोपं, दुसऱ्या कशाशी न जुळणारं नाव द्यायचं. आम्ही ‘फ्रंट डोअर’ ठेवलं.

५) बटण दाबल्यावर डिस्प्लेने आवाज द्यावा यासाठीची सेटिंग वेगळी असते, ती आठवणीने चालू करायची.

विकत घेण्याआधी एक गोष्ट तपासा. काही जोड्यांत बटण दाबताच चित्र आपोआप दिसतं, तर काहींत ‘शो फ्रंट डोअर’ म्हटल्यावरच दिसतं. डब्यावर ‘अलेक्सासोबत चालते’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यात हा फरक कळत नाही.

वीस फुटांचा मोठा प्रवास

दार ते ओटा अंतर वीस फूट. मला वाटलं होतं, एकाच वाय-फायवर आहेत म्हणजे दोघं आपापसात बोलत असतील. तसं नाही. बटणाचा निरोप राऊटरमधून बेलच्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, तिथून डिस्प्लेच्या कंपनीच्या सर्व्हरकडे आणि मग परत आपल्या राऊटरमार्गे ओट्यावर. म्हणजे शेजारच्या खोलीतल्या मित्राला निरोप द्यायचा, पण दोन्ही घरच्यांच्या मार्फत!

तिसऱ्या पायरीत आपण हीच परवानगी देतो. त्यामागे ओऑथ २.० ही २०१२ मध्ये प्रमाणित झालेली पद्धत असते. बेलचा पासवर्ड डिस्प्लेच्या कंपनीला मिळत नाही, मिळतं फक्त एक टोकन. गेटपास म्हणा. तो कधीही रद्द करता येतो. म्हणूनच बेलचा पासवर्ड बदलल्यावर कधी कधी जोडणी तुटते आणि पुन्हा लॉगिन करावं लागतं. चित्रासाठी बहुतेक वेळा वेबआरटीसी वापरतात. ओळखपाळख सर्व्हरमार्फत होते आणि जमलं तर व्हिडिओ थेट जातो, नाही तर तोही सर्व्हरवरून फिरून येतो.

शिवाय बॅटरीवरची बेल एरवी झोपलेली असते. बटण दाबल्यावर किंवा समोर माणूस हलल्यावर ती जागी होते, मग नेटवर्क आणि मग चित्र. आमच्याकडे स्टॉपवॉच लावून पाहिलं, पाच-सहा सेकंद लागतात. आजीला सांगून ठेवलं, ‘पाच आकडे मोज, मग बघ.’

पहिले दोन दिवस चित्र अडकत होतं. राऊटर हॉलच्या टोकाला, मध्ये काँक्रीटची भिंत आणि दाराला लोखंडी ग्रील. दाराजवळ सिग्नल मोजला तर उणे ७८ डीबीएम. उणे ७० च्या खाली गेलं की व्हिडिओची रड सुरू होते. राऊटर पॅसेजमध्ये हलवल्यावर उणे ५९ झाला आणि प्रश्न मिटला. इंटरनेटचा अपलोड वेगही बघा. आपण सगळे डाउनलोडच मोजतो, पण बेल चित्र वर पाठवते. फुल एचडीला साधारण २ एमबीपीएस हवेत.

लाईट गेल्यावर काय? राऊटर बंद, डिस्प्ले बंद, बेल एकटी जागी. मी ओशाळून हे सांगितलं तर आजी म्हणाली, ‘अरे, लाईट गेल्यावर जुनी बेल तरी कुठे वाजायची? लोक कडी वाजवतात.’ राऊटरला छोटा यूपीएस लावला. कडी आहेच.

धड्यात नसलेला भाग

सुट्टी संपवून मी होस्टेलवर आलो. अ‍ॅप माझ्याच मोबाइलवर होतं. कोणी आलं की लेक्चरमध्ये खिशात फोन थरथरायचा. एके दुपारी फोन करून मी सहज विचारलं, ‘आजी, आत्ता त्या हिरव्या साडीतल्या बाई कोण गं?’ ती क्षणभर गप्प झाली. म्हणाली, ‘भिशीतली आहे.’ दुसऱ्या दिवसापासून चित्र काळं! मला वाटलं कॅमेरा गेला. शेजारच्या काकूंना फोन केला, तेव्हा कळलं की आजीने बेलवर रुमाल बांधलाय.

विचारलं तर शांतपणे म्हणाली, ‘कोण आलंय ते मला दिसावं म्हणून लावलीस ना? मग तू कशाला बघतोस, बाळा?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंग या कंपनीवर, तिच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ पाहता येत होते, असा आरोप ठेवला होता आणि ५८ लाख डॉलरवर ते प्रकरण मिटलं. ती बातमी मी मित्रांना तावातावाने सांगितली होती. आणि इथे मी स्वतः काय करत होतो?

पुढच्या शनिवारी मिरजेला गेलो. मालकीचं खातं आजीच्या मोबाइलवर केलं, माझ्या मोबाइलवरून अ‍ॅप काढलं. दोन पायऱ्यांचं लॉगिन चालू केलं. कॅमेऱ्यात समोरच्यांचं दार येत होतं, तो भाग झाकला आणि त्यांना तसं सांगितलं. रुमाल आजीनेच सोडला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या मॅटर १.५ या प्रमाणात कॅमेरे आणि व्हिडिओ डोअरबेलही घेतल्या आहेत. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जोडणं त्यामुळे हळूहळू सोपं व्हावं. पण चित्र कोणी बघायचं हे कुठलंच प्रमाण ठरवणार नाही, ते जोडणाऱ्याने आधी विचारायचं असतं. मी विचारलं नव्हतं.

आता भिशीला कोण येतं मला माहीत नाही. आजी मात्र ओट्याशी बसून पाच आकडे मोजते आणि मगच उठते.