बाळाचं तोंड, लाळ आणि चोखणी

मनू, बाळाची जीभ पांढरी दिसली की लगेच बोटाला कापड गुंडाळून घासायला घेऊ नकोस. आधी त्याला खिडकीपाशी उजेडात घे आणि नीट बघ. प्यायल्या प्यायल्या बघू नकोस, तेव्हा प्रत्येक तान्ह्याची जीभ पांढरीच असते. थोडा वेळ जाऊ दे. नुसती जीभ पांढरी असेल आणि गाल आतून, हिरड्या, टाळू छान गुलाबी असतील, तर ते दुधाचं पुट आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला लाळ कमी असते, म्हणून ते जिभेवर राहतं. पुढे लाळ सुटायला लागली की आपसूक कमी होतं. त्याला काही करायचं नसतं.

पण तेच पांढरं गालांच्या आत, ओठांच्या आतल्या बाजूला, हिरड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी बसलेलं दिसलं, दह्याच्या कवड्या चिकटल्यासारखं, आणि ओल्या मऊ कापडाने हलकेच टिपूनही निघालं नाही, तर ती बुरशी समज. डॉक्टर थ्रश म्हणतील. खरवडून काढायचा प्रयत्न अजिबात करू नकोस, खाली लाल, ओलं, दुखरं कातडं उघडं पडतं आणि कधी रक्तही येतं. बाळ छातीशी येतं, दोन घोट घेतं आणि रडत तोंड फिरवतं, हीही एक खूण. घरात मग "दूध कमी पडतंय" अशी चर्चा सुरू होते. दूध कमी नसतं गं, बाळाचं तोंड दुखत असतं.

ही कँडिडा नावाची बुरशी आपल्या सगळ्यांच्याच अंगावर थोडीफार असते. बाळाची प्रतिकारशक्ती अजून कोवळी, त्यामुळे तिला तिथे फावतं. तुला सिझेरियननंतर किंवा बाळाला कशासाठी अँटिबायोटिक्स दिली गेली असतील तर आणखीनच. कारण बुरशीला आवरून धरणारे चांगले जंतूही त्यात मरतात. आणि चोखणी? ती उबदार, ओलसर, दिवसभर तोंडात. बुरशीला राहायला याहून सोयीची जागा नाही. म्हणूनच औषध घालून आठ दिवसांत बरं झालेलं तोंड पुन्हा पांढरं होतं आणि आपण म्हणतो, औषध लागू पडलं नाही. औषध लागू पडलेलंच असतं, चोखणीवरची बुरशी परत तोंडात जाते.

आता एक गोष्ट मोकळेपणाने विचारते. तुझ्या स्तनाग्रांची आग होते का? खाज, चकचकीत गुलाबी कातडी, पाजून झाल्यावरही आतपर्यंत ठणका? असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांग. आपल्याकडे बायका हे नवऱ्यालाही धड सांगत नाहीत, दात आवळून पाजत राहतात. बाळाचं तोंड आणि तुझी छाती यांचं औषध एकाच वेळी सुरू व्हायला हवं, नाहीतर तुम्ही दोघं एकमेकांना ती बुरशी देत-घेत राहाल. पाजणं बंद करायचं कारण नाही. आणि बाळाचा लंगोट काढून बघ. जांघेच्या घड्यांमध्ये लालभडक झालं असेल आणि कडेला बारीक लाल पुटकुळ्या विखुरलेल्या असतील, तर तीही हीच बुरशी. तेही डॉक्टरांना दाखव.

औषध बहुधा निस्टॅटिनचे थेंब किंवा क्लोट्रिमॅझोलचं तोंडात लावायचं पातळ औषध देतात. दूध पाजून झाल्यावर, स्वच्छ धुतलेल्या बोटाने, गालांच्या आत आणि हिरड्यांवर लावायचं, म्हणजे ते तिथे टिकतं. जेल दिलं असेल तर अगदी थोडं थोडं, पुढच्या बाजूलाच लाव. तान्ह्याच्या घशात चिकट गोळा अडकू शकतो. पांढरं गेलं तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे कर. आणि तोंडाला लावतात ते जांभळं औषध मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नकोस. दाट द्रावणाने तोंडात जखमा होतात.

आता ज्याच्यासाठी मी मुद्दाम बोलायला बसले ते सांगते. तोंड आलं म्हटलं की घरातलं कुणीतरी टाकणखाराची लाही मधात कालवून आणतं. किंवा बाळ रडतं म्हणून चोखणी मधात बुडवून देतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे आणि ते मायेनेच केलं जातं, यात मला शंका नाही. तरीही नको म्हण. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो पोटात गेला की तान्ह्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, साठत जातो. 1983 साली बालरोगांवरच्या एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सात बाळांची हकिगत छापून आली. त्या सगळ्यांना झटके येत होते आणि सगळ्यांना चोखणी बोरॅक्स-मधाच्या मिश्रणात बुडवून दिली जात होती. ते मिश्रण थांबवलं आणि झटके थांबले. तेव्हा तो उपाय आपल्याच आज्यांचा होता असं नाही. सातासमुद्रापलीकडच्या घरांतही तो तितक्याच विश्वासाने होत होता, आणि तिथे त्याने काय केलं ते लिहून ठेवलेलं आहे.

नुसता मधही नको, वर्ष पूर्ण होईपर्यंत एक बोटही नको. मधात बोटुलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजतात आणि तिथे विष तयार करतात. मग आधी बद्धकोष्ठ होतं, पुढे ओढणं मंदावतं, रडण्याचा आवाज क्षीण होतो, मान, पापण्या, सगळं अंग सैल पडतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये चार बाळं यासाठी दवाखान्यात दाखल झाली. चौघांनाही मध भरलेल्या चोखण्या दिल्या होत्या. मध उकळला, भाजला तरी ही बीजं मरत नाहीत. म्हणजे गुटी मधात उगाळणं, बारशाला सोन्याच्या वळ्याने मध चाटवणं, हेही त्यातच आलं. सासूबाईंशी वाद घालत बसू नकोस. पुढच्या लसीला त्यांना बरोबर ने आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचार. आपण सांगितलेलं लागतं, डॉक्टरांनी सांगितलेलं पटतं.

न्हाऊ घालणाऱ्या मावशींशी मात्र तुलाच बोलावं लागेल. कफ काढायचा म्हणून त्या तोंडात बोट घालून टाळू पुसतात ना, ते थांबव. त्याने टाळूच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना उथळ, पिवळट-पांढरे व्रण पडतात. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ अलोइस बेडनार यांनी एकोणिसाव्या शतकातच त्यांचं वर्णन केलं, आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. घासून पुसण्याने ते होतात, तसेच लांब, कडक टोकाच्या चोखणीने किंवा बाटलीच्या बुचाने सारखं घासूनही होतात. त्याला बुरशीचं औषध चालत नाही. जे घासतंय ते बंद केलं की जखम भरून येते.

टाळूच्या मधल्या रेषेवर किंवा हिरड्यांवर मोत्यासारखे बारीक पांढरे दाणे दिसले तर ते दात नव्हेत आणि रोगही नव्हे, काही आठवड्यांत जिरतात. वरच्या ओठाच्या मधोमध ओढून ओढून आलेला फोडही तसाच. सोडून दे.

ओठांभोवतीचं लाल मात्र वेगळं आहे. चोखणीची चकती जिथे टेकते तिथे गोल कडं उठलेलं दिसलं की कारण कळलंच. चकतीखाली लाळ आणि दूध साचतं, वरून घासणं होतं, कातडी तासन्‌तास ओली राहते. आपल्या दमट हवेत, मुंबई-कोकणात तर फारच. बाळ हनुवटी छातीला टेकवून झोपतं, त्यामुळे गळ्याच्या घड्यांतही तेच होतं. यावर कोरडं ठेवणं हेच औषध. दर पाजण्यानंतर कोमट पाण्याने भिजवलेल्या मऊ सुती फडक्याने टिपायचं, पुसायचं नाही. कोरडं झालं की पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे पुढची लाळ कातडीला लागत नाही. लाळेरं भिजलं की लगेच बदल, ओलं लाळेरं गळ्यात ठेवण्यापेक्षा नसलेलं बरं. पावडर नको, ती श्वासातून आत जाते. आणि चोखणी घेताना चकतीला हवेची भोकं आहेत ना, हे बघ.

दोन-चार दिवसांत लाली ओसरते. ओसरली नाही तरी शेजारणीने दिलेली खाजेची ट्यूब चेहऱ्याला लावू नकोस, हात जोडून सांगते. आपल्याकडे मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या कितीतरी मलमांत तीव्र स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत लाली गायब होते म्हणून सगळ्यांना ती आवडतात. पण बाळाची कातडी पातळ पडते, मलम थांबवलं की पुरळ दुप्पट उसळतं आणि स्टिरॉइड अंगातही शोषलं जातं. लालीवर मधाच्या रंगाच्या खपल्या धरायला लागल्या तर तो जंतूंचा संसर्ग आहे आणि तो पसरतो. त्याच दिवशी दाखव.

चोखणीची निगा अवघड नाही. सहा महिन्यांपर्यंत रोज एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन, खळखळत्या पाण्यात पाच मिनिटं उकळ. आत पाणी शिरलं असेल तर पिळून काढ आणि पूर्ण वाळू दे. तोंडात बुरशी असेपर्यंत बाटलीची बुचंही रोज उकळ आणि बाळ बरं झालं की जुनी चोखणी टाकून नवीन काढ. दोन-तीन जवळ असल्या की बरं पडतं. रबरी चोखणी चिकट झाली, चीर पडली, ओढल्यावर सैल वाटली की लगेच फेकायची, तुकडा घशात जाऊ शकतो. खाली पडलेली आपल्या तोंडात घालून "साफ" करून देऊ नकोस, आपल्या तोंडातले जंतू बाळाला जातात. ज्याच्या ओठावर पाण्याच्या फोडांचा झुपका उठलाय त्याला तर बाळाचा पापाही घेऊ देऊ नकोस, मग तो सख्खा काका का असेना. तान्ह्याला ते दुखणं जिवावर बेतू शकतं. आणि चोखणी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात कधीही अडकवायची नाही.

चोखणी देतेस म्हणून तुला कुणी बोललं तर मनाला लावून घेऊ नकोस. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना चोखायला मिळावं म्हणून दवाखान्यातही ती देतात, आणि झोपताना चोखणी घेणाऱ्या बाळांमध्ये झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कमी दिसतो. फक्त पाजणं नीट बसेपर्यंत, साधारण पहिला महिना, थांबायचं. आणि भुकेची वेळ चोखणीने ढकलायची नाही.

या गोष्टींसाठी मात्र माझ्या फोनची वाट बघू नकोस, थेट डॉक्टरांकडे जा: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, पिणं सोडलं, लघवीचे लंगोट एकदम कमी झाले, तोंडात किंवा अंगावर पाण्याचे फोड आले, बाळ सुस्त आणि सैल वाटलं. औषध चालू असूनही आठवडाभरात पांढरं कमी झालं नाही, किंवा बुरशी पुन्हा पुन्हा होत राहिली, तरी परत दाखव. जाताना चोखणी आणि घरात जे काही लावलं, चाटवलं ते सगळं बरोबर ने, गुटीसुद्धा. काही लपवू नकोस. आणि सकाळच्या उजेडात तोंडाचा आणि पुरळाचा फोटो रोज एक काढून ठेव. दवाखान्यात बाळ रडून लालबुंद झालेलं असतं, तेव्हा डॉक्टरांना त्या फोटोंवरूनच खरं काय ते दिसतं.