एमजी रस्त्यावर आणण्याआधी

पुणे

चि. भाच्यास,


एमजी टीडी गाडीचा फोटो मिळाला. दाराच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या बसल्यात, म्हणजे डेंटिंगवाल्याचा हात चांगला आहे. तुझ्या आजोबांची टीडी पुन्हा चाकांवर उभी राहिली याचा मला फार आनंद झाला.

पण येत्या रविवारी हैदराबादच्या आउटर रिंग रोडवर शंभराने पळवतो, असं लिहिलंस म्हणून हे पत्र. गॅरेजमधून बाहेर आलेली गाडी अर्धीच झालेली असते. बाकीचं काम रस्त्यावर होतं, तेही सावकाश. शंभराचा वेग धरलास की टॉप गिअरलाही हे 1250 सीसीचं इंजिन मिनिटाला चार हजारांहून जास्त फेऱ्या मारतं. नव्या पिस्टन-रिंगा आणि नवे बेअरिंग अजून बसायचेत. त्यांच्यावर हा जुलूम कशाला?

चालवण्याआधी थांबण्याचं बघ. टीडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि सगळ्यांना मिळून एकच हायड्रॉलिक सर्किट. आजच्या गाड्यांत दोन असतात, एक गेलं तरी दुसरं सावरतं. इथे एका व्हील सिलिंडरमधून ऑईल गळलं तरी पेडल सरळ तळाला जातं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गाडी वर्षानुवर्षं उभी होती म्हणजे सिलिंडर आतून गंजलेले असणारच. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर आणि रबरी होज नवे टाकलेस का, ते लिहून कळव. इंजिन बंद ठेवून पेडल मिनिटभर दाबून धर. हळूहळू खाली जात असेल तर गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. हँडब्रेक केबलवर चालतो, तोच तुझा शेवटचा आधार. तो आधी नीट कसून घे.

टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्काही पाहा. 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर हैदराबादच्या उन्हात दगा देतं.

राणीगंजला बोल्ट आणायला जाशील तेव्हा एक लक्षात ठेव. या एक्सपीएजी इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत, पण बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची. मॉरिसने 1923 साली कॉव्हेंट्रीचा हॉचकिस कारखाना घेतला, तिथली यंत्रं फ्रेंच होती. मेट्रिक आटे तसेच राहिले आणि इंग्लिश मेकॅनिकांच्या पान्यांना बसावीत म्हणून डोकी इंग्लिश ठेवली. मला ही हकीकत फार आवडते, पण तुझ्या कामाची गोष्ट एवढीच की चुकीचा पाना लावलास तर डोकं गोल होतं आणि चुकीचा बोल्ट पिळलास तर ब्लॉकमधले आटे जातात. ब्लॉक राणीगंजला मिळत नाही.

बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चेसिसला जोडायचं असतं. आजचा मेकॅनिक सवयीने उलटं जोडतो. समोर उभं राहून जोडून घे.

पेट्रोलची मला खरी काळजी वाटते. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनं रबर आणि कॉर्क त्याने फुगतं, चिरतं. नळ्या आणि सील इथेनॉल सोसणारेच टाक. मिश्रणही पातळ पडतं, म्हणून दोन्ही एसयू कार्बोरेटर थोडे रिच करावे लागतील. चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाची टिकटिक क्षणात थांबली पाहिजे. चालूच राहिली तर कुठेतरी गळतंय, नाहीतर फ्लोटची सुई अडकली आहे. अशा वेळी स्टार्टर ओढू नकोस.

पहिली फेरी पहाटे नेकलेस रोडवर मार, सपाट आणि मोकळा आहे. मग बंजारा हिल्सचा चढ. गाडी तापते का ते तिथे कळेल. त्यानंतर गंडीपेट. रिंग रोड सगळ्यात शेवटी. पाचशे किलोमीटरपर्यंत इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर न्यायचं नाही, म्हणजे साधारण सत्तरचा वेग. मग ऑईल बदल, हेडचे नट पुन्हा कस आणि टॅपेट तपास.

कागदपत्रांत आरसीवरचे चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून घे. केंद्राच्या 2021च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. मग मात्र ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती यांसाठीच. फॉर्म भरण्याआधी याचा विचार कर.

चौमहल्ला राजवाड्यातली पिवळी रोल्स-रॉईस तू पाहिली असशील. सहाव्या निजामाने मागवली होती. तो 1911 साली वारला आणि गाडी 1912ची, त्याला तिच्यात बसायला मिळालंच नाही. संग्रहालयात ती शोभते. आपली टीडी तशी ठेवू नकोस. तुझ्या आजोबांनी ती पावसातही चालवली, ओरखडे पडले तर पडू देत.

रविवारची रिंग रोडची फेरी रद्द कर. पहिल्या फेऱ्यांना मागून दुसरी गाडी असू दे, सोबत अग्निशामक ठेव, आणि प्रत्येक फेरीनंतर ऑईलचा दाब, तापमान आणि गळती वहीत लिही. ती पानं मला पाठव, मी वाट पाहतो आहे.

तुझा,
मामा