रावेरची जुनी केस आणि परदेशातला फॉर्म

‘तुम्हाला कधी अटक झाली होती का?’ अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मवर हा प्रश्न आहे, ग्रीन कार्डाच्या अर्जावर आहे आणि नागरिकत्वाच्या एन-४०० वर तर तो फिरवून फिरवून विचारला आहे. शिक्षा झाली का, एवढ्यावर त्यांचं भागत नाही. नुसती अटक झाली आणि पुढे निर्दोष सुटलात, तरी उत्तर ‘हो’ असंच आहे. रावेर, सावदा, निंभोऱ्याकडून आलेल्या बहुतेकांना ‘नाही’ लिहून मोकळं होता येतं. ज्यांना येत नाही, त्यांच्यासाठी हे टिपण. आधी येऊन स्थिरावलेल्या आपल्या तालुक्यातल्या घरांनी ज्या वाटेने कागद मिळवले, ती वाट इथे एकत्र केली आहे. इमिग्रेशन वकिलाचा सल्ला वेगळा घ्यायचाच. पण तो पहिल्याच दिवशी जो कागद मागतो, तो रावेरात कुठल्या टेबलावर मिळतो हे त्याला ठाऊक नसतं.

घरी फोन केला की उत्तर येतं, ‘अरे, ते तर तेव्हाच मिटलं.’ कसं मिटलं, ते खोदून विचारा. केळीच्या भावासाठी रास्ता रोको केला, पोलिसांनी गाडीत घालून नेलं आणि संध्याकाळी सोडलं, असं असेल तर ती बहुधा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ६८ खालची कारवाई असते. ताब्यात घ्यायचं आणि कलम ६९ खाली सोडून द्यायचं. त्याला गुन्हा क्रमांक नसतो, नोंद ठाण्याच्या स्टेशन डायरीत असते. मात्र त्याच आंदोलनात जमावबंदीचा आदेश मोडल्याचं कलम १३५ लावलं असेल, तर गुन्हा दाखल झालेला असतो आणि केस रावेरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात गेलेली असते. पुढे सरकारने आंदोलनाचे खटले मागे घेतले, हे पेपरात वाचून निर्धास्त होऊ नका. खटला मागे घ्यायला कोर्टाची संमती लागते, आणि आपल्याला हवा आहे तो त्या संमतीचा आदेश.

बांधावरून चुलत्यांशी वाजलं, सणाच्या तोंडावर दोन्ही बाजूंची पोरं उचलली, असं असेल तर ती चॅप्टर केस. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १५१ आणि १०७. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच १७० आणि १२६. यात सगळ्यांची फसगत होते, कारण कोर्टात शोधून काहीच सापडत नाही. चॅप्टर केस कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चालते, म्हणजे तिचे कागद तहसील कचेरीत, नाहीतर फैजपूरला प्रांत कार्यालयात. बंधपत्र लिहून दिलं होतं का, एवढं घरच्यांना आठवलं तरी दिशा कळते.

भावाच्या बायकोने ४९८-क लावलं आणि त्यात अमेरिकेतल्या दिराचंही नाव घातलं, ही तिसरी नेहमीची गोष्ट. बैठकीत समझोता झाला म्हणून केस आपोआप संपत नाही. ती एकतर रावेर कोर्टात निकाल लागून संपते, नाहीतर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा रद्द केल्यावर. जळगाव जिल्हा त्याच खंडपीठाखाली येतो. बैठकीच्या स्टॅम्प पेपरला परदेशात कुणी विचारत नाही.

एक लक्षात ठेवा: २०२४ च्या १ जुलैआधी घडलेल्या गुन्ह्याला कलमं जुन्याच दंड संहितेची राहतात. ४९८-क आता भारतीय न्याय संहितेत ८५ झालं, म्हणून जुन्या केससाठी फॉर्मवर ८५ लिहू नका. कागदावर जे आहे तेच लिहायचं.

कुठलं ठाणं?

रावेर तालुक्यात रावेर, सावदा आणि निंभोरा अशी वेगवेगळी पोलीस ठाणी आहेत, आणि फैजपूरचं ठाणं शेजारच्या यावल तालुक्यातलं. गाव कुठल्या ठाण्याच्या हद्दीत, यावर शोध अवलंबून. घटना रेल्वेत किंवा स्टेशनावर घडली असेल तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे असतो, त्यासाठी भुसावळला विचारावं लागतं. आणि हायवेने जरा पुढे गेलं की बऱ्हाणपूर. तिथला गुन्हा मध्य प्रदेश पोलिसांचा, पोर्टल वेगळं, अर्जाची भाषा हिंदी. रावेर ठाण्यातल्या ठाणे अंमलदाराला त्याबद्दल विचारून काही उपयोग नाही.

आता शोध. पहिली पायरी ई-कोर्ट्सची, ती न्यूजर्सीत बसून फुकट होते. जळगाव जिल्हा निवडायचा, रावेरचं कोर्ट निवडायचं, आणि पक्षकाराच्या नावाने शोधायचं. पाटील, चौधरी आणि महाजन यांची रांग लागेल. इंग्रजी स्पेलिंगही कारकुनाच्या मर्जीचं. त्यापेक्षा गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि साल ठाऊक असेल तर पोलीस ठाण्यावरून शोधा, थेट केस समोर येते. तिथला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक वहीत उतरवून घ्या. पुढे प्रत्येक ठिकाणी तोच लागणार आहे. संगणक येण्याआधीच्या केस मात्र तिथे सापडतीलच असं नाही.

महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रसिद्ध केलेल्या एफआयआर पाहता येतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ च्या निकालात एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायला सांगितलं. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांना त्यातून वगळलं. एफआयआर तिथे दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असा अर्थ काढू नका.

परदेशातल्या अधिकाऱ्याला पटतो तो कागद एकच: निकालाची सही-शिक्क्याची नक्कल. रावेर कोर्टात नक्कल अर्ज द्यायचा, फी भरायची. तुम्ही स्वतः आरोपी होतात, त्यामुळे कारण सांगत बसायची गरज पडत नाही. तिथला वकील वकीलपत्रावर हे करतो. मुखत्यारपत्रच हवं, असं तो म्हणाला तर ते कॉन्सुलेटमधून साक्षांकित करून पाठवा, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्या. पाकीट कपाटात पडून राहतं आणि मुदत निघून जाते. नकलेबरोबर एफआयआर आणि दोषारोपपत्राचीही नक्कल मागा. नंतर पुन्हा माणूस पाठवण्यापेक्षा एकदाच सगळं आणलेलं बरं.

पोलिसांकडची नोंद हवी असेल तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. लांबलचक कहाणी लिहिलीत तर अर्ज परत. हा मसुदा बऱ्याच जणांनी वापरला आहे:

‘माहितीचा विषय: माझ्या स्वतःच्या अटकेची नोंद. कालावधी: सन … . रावेर पोलीस ठाणे, गु.र.नं. … / … मध्ये मला दि. … रोजी अटक झाली होती. त्यासंबंधी (१) एफआयआरची प्रत, (२) अटक पंचनाम्याची प्रत, (३) अटक नोंदवहीतील माझ्या नोंदीची प्रत साक्षांकित करून मिळावी. सदर अभिलेख नष्ट केले असल्यास नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत मिळावी. माहिती टपालाने हवी.’

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. जुने कागद मुदतीनंतर रीतसर नष्ट होतात, आणि तसं लेखी आलं की तोच पुरावा होतो. ‘मिळालं नाही’ हे तुमचं तोंडी म्हणणं पुरावा होत नाही. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. हा अधिकार फक्त भारतीय नागरिकाचा आहे. पासपोर्ट बदलून ओसीआय घेतलेल्यांना तो नाही, आणि त्यांच्या वतीने वडिलांनी अर्ज केला तर ‘त्रयस्थाची माहिती’ म्हणून अडतो. त्यांनी कोर्टाच्या नकलेचाच रस्ता धरावा.

पासपोर्ट कार्यालयाची पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, असली की झालं, असा एक समज आहे. तसं नाही. पीसीसी स्वच्छ आली, तरी अटकेचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

जाता जाता: आजोबांच्या तुरुंगवासाचा कागद शोधणारी नातवंडंही भेटतात. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन झालं, त्यामुळे या पट्ट्यात १९४२ चे सत्याग्रही घरोघर. त्यांच्या पेन्शनसाठी सहसा किमान सहा महिन्यांच्या कैदेचा दाखला लागायचा. म्हणून तुरुंगात धडका मारण्याआधी पेन्शनची फाइल शोधा. दाखला तिथेच जोडलेला असतो.

आज रात्री फोन आला तर

गावाकडे भावाला उचलल्याचा फोन आला, तर आधी ठाण्याच्या लँडलाइनवर ठाणे अंमलदाराला विचारा: अटक आहे की चौकशीला बोलावलं आहे, गु.र.नं. काय, कलमं कोणती, कोर्टात कधी हजर करणार. २४ तासांत हजर करावंच लागतं. अटक केलेल्यांची नावं ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात लावायची आणि नातेवाइकाला कळवायचं, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ आणि ४८ मध्ये आहे. न्यायालयीन कोठडी मिळाली की जळगावचं जिल्हा कारागृह. भेटीसाठी ई-मुलाखतीवर नोंदणी होते. आणि गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ म्हणाला, तर फोन ठेवा. असली अटक कुठल्याच भारतीय कायद्यात नाही.

इथे अमेरिकेत कुणी पकडला गेला, तर सगळं उलटं. काउंटीच्या शेरीफची वेबसाइट उघडा. कैद्यांच्या यादीत नाव, बुकिंग नंबर, कलमं, जामिनाची रक्कम, बऱ्याच ठिकाणी फोटोही काही तासांत दिसतो. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून पासपोर्टवर जसं आहे तसं टाकून पाहा, मग न टाकता पाहा. जन्मतारखेत महिना आधी. काउंटीत नाव नसेल तर इमिग्रेशनच्या ताब्यात असू शकतो, त्यासाठी ‘आइस’चं लोकेटर आहे. इंग्लंडमध्ये अशी जाहीर यादी मिळणार नाही. भारतीय वकिलातीला आपोआप कळवलं जात नाही; अटकेतल्या माणसाने स्वतः तशी मागणी करावी लागते, १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ त्याला तो हक्क देतं. तुरुंगातून येणारे फोन रेकॉर्ड होतात, तेव्हा केसबद्दल मराठीतसुद्धा बोलू नका.

पुढे कागद तीन ठिकाणी विखुरतात: रिपोर्ट पोलिसांकडे, बुकिंगची नोंद शेरीफकडे, निकाल कोर्टाच्या क्लार्ककडे. इमिग्रेशनला तिसरा हवा असतो, प्रमाणित केलेला. वकील नोंद पुसून टाकायला, म्हणजे एक्सपंज करायला सुचवेल. जरूर करा, पण इमिग्रेशनच्या फॉर्मवर ती अटक तरीही लिहावी लागते. म्हणून पुसण्याचा आदेश होण्याआधी क्लार्ककडून निकालाच्या किमान दोन प्रमाणित प्रती घेऊन ठेवा. नंतर मागितल्या, तर अशी केसच नाही, असं उत्तर मिळतं.